रानकांद्याचा फेरफार

आमच्या प्रयोगशाळेतल्या लोखंडी कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला एक रानकांदा मी साफ विसरलो होतो. परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी ज्यांचे वावर आहे अशा एका परिचितांनी तो दिवाळीनंतर धुरा खणताना काढून दिला होता. मार्चच्या अखेरीस कपाट उघडले तेव्हा कागद फाडून हातभर लांबीचा एक दांडा बाहेर आलेला दिसला. दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे तो वाकला होता आणि त्याच्या वरच्या निम्म्या भागावर कळ्या धरल्या होत्या. चार-पाच महिन्यांत त्याला मातीचा कण मिळाला नव्हता, पाण्याचा थेंब मिळाला नव्हता आणि अंगावर एकही पान नव्हते.

विद्यार्थ्यांना त्यात चमत्कार दिसला. मला आधी माझा निष्काळजीपणा दिसला. त्यानंतर मात्र त्याच दांड्याने एक प्रश्न समजावून देण्याची सोय करून दिली. या एका वनस्पतीला शास्त्रात गेल्या दोन शतकांत तीन-चार नावे मिळाली, तिचे कुळही दोनदा बदलले, तरी डोंगरउतारावरचा कांदा आहे तिथेच आहे. असे का होते, हे समजून घ्यायचे तर प्रथम कांदा पाहावा आणि मग कागदपत्रे काढावीत.

आपण बोलताना जमिनीखाली फुगलेल्या कोणत्याही भागाला कंद म्हणतो. सुरण कंद, रताळे कंद, हळद कंद आणि रानकांदाही कंदच. वनस्पतिशास्त्रात मात्र हे सगळे वेगवेगळे अवयव आहेत. सुरण म्हणजे भरीव खोड, रताळे म्हणजे फुगलेले मूळ आणि हळद म्हणजे आडवे वाढणारे खोड. रानकांदा उभा चिरला की तळाशी बोटाच्या पेराएवढी एक कठीण चकती दिसते. खोड म्हणायचे ते एवढेच. तिच्या खालून मुळे फुटतात आणि वर एकमेकांना लपेटून बसलेले पांढरे, मांसल पदर असतात. हे पदर म्हणजे पानांचे साठवणीसाठी जाड झालेले तळ होत. सर्वांत मध्ये, पदरांच्या कुशीत, पुढच्या हंगामाचा अंकुर असतो. म्हणजे रानकांदा हे मूळ नाही आणि फळही नाही. ते आखूड खोडावर गच्च बसलेल्या पानांचे गाठोडे आहे, आणि या बाबतीत तो आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखाच आहे.

साम्य मात्र तिथेच संपते. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा गंधकयुक्त वास रानकांद्याला येत नाही. त्याचा रस चिकट, बुळबुळीत असतो आणि थोड्याच वेळात बोटांना खाज सुटते. पदराचा पातळ तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर खाजेचे कारण डोळ्यांनी दिसते: पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांचे जुडगे असतात, एखाद्याने आगपेटीत काड्या भराव्यात तसे. पेशी फुटली की या सुया कातडीत रुततात. हा तुकडा हातमोजे न घालता कापणारा विद्यार्थी पुढच्या तासाला हमखास हात खाजवत बसतो; मीही तो धडा असाच शिकलो आहे.

आता कपाटातल्या दांड्याकडे वळू. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, चिखलदरा आणि मेळघाटच्या उतारांवर, काळ्या बसाल्टच्या फटींत साचलेल्या थोड्याशा मातीत रानकांदा राहतो. मिरगाच्या पावसानंतर त्याची लांब, चपटी, गवतासारखी पाने वर येतात. पावसाळाभर ती ऊन खातात, साखर तयार करतात आणि तिचा साठा खालच्या पदरांत भरतात. पावसाळा सरला की पाने पिवळी पडून जमिनीवर लोळतात आणि थंडीत काही उरत नाही. पुढे होळीच्या आसपास, मोहफुले वेचायला माणसे पहाटे रानात जाऊ लागतात तेव्हापासून तेंदूपत्त्याच्या तोडणीपर्यंत, जळक्या गवताच्या काळ्या जमिनीतून नुसता एक दांडा वर येतो. त्याच्यावर फुले येतात, बोंडे धरतात, ती तडकतात, आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी बी वाऱ्यावर उडून जाते. यानंतर पुन्हा पाने येतात.

याचा अर्थ असा की फुलोरा आणि पाने यांची भेट जवळपास होतच नाही. फुलोऱ्याला लागणारे सगळे अन्न आणि पाणी मागच्या पावसाळ्यातच कांद्यात भरून ठेवलेले असते, म्हणून तो मातीवाचून कपाटातही फुलू शकतो. डोंगरावर या व्यवस्थेचा फायदा उघड आहे. चैत्र-वैशाखात गवत वाळलेले किंवा जळलेले असते, उंच दांड्यावरची फुले कीटकांना दुरून दिसतात, आणि हलक्या बियांना पसरायला मोकळा वारा मिळतो. शिवाय बी पडल्यावर थोड्याच दिवसांत पाऊस येतो. जो ऋतू पऱ्हाटीच्या शेतकऱ्याला रिकामा वाटतो, तोच रानकांद्याच्या कामाचा असतो.

वर्गीकरण करणाऱ्यासाठी मात्र हीच व्यवस्था डोकेदुखी ठरते. वनस्पतीची अधिकृत ओळख हर्बेरियमच्या कागदावर दाबून वाळवलेल्या नमुन्यावरून होते. एप्रिलमध्ये गोळा केलेल्या कागदावर फुले असतात पण पाने नसतात. ऑगस्टमधल्या कागदावर पाने असतात, फुले नसतात. दोन वेगळ्या माणसांनी दोन वेगळ्या ऋतूंत गोळा केलेले हे कागद एकाच जातीचे आहेत की नाहीत, हे हजारो मैलांवरच्या संग्रहालयात बसलेल्या अभ्यासकाने कसे ठरवावे? त्यातून कांदा दाबायचा म्हणजे आणखी एक अडचण. तो उभा चिरून उकळत्या पाण्यात बुडवला नाही, तर दाबपट्टीतही जिवंत राहतो आणि कागदातच कोंब काढतो. माझ्या कपाटातला प्रकार हा त्याचाच नमुना होता.

म्हणून ओळखीचा भार फुलावर पडतो, आणि हे फूल बेताचेच देखणे असते. साधारण एक सेंटिमीटर लांबीच्या सहा पाकळ्या, पांढुरक्या, प्रत्येकीच्या मधोमध हिरवट-तपकिरी पट्टा. खरे तर त्या पाकळ्या नव्हेत. बाहेरच्या तीन आणि आतल्या तीन सारख्याच दिसत असल्याने, निदल आणि दल असा भेद न करता, त्यांना परिदले म्हणतात. आत सहा पुंकेसर आणि मध्यभागी तीन कप्प्यांचे किंजपुट, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो भाग. तीन-तीनच्या पटीतली ही रचना एकदल वनस्पतींची खूण आहे. फुले दांड्यावर एकेक, अंतराअंतराने, लांब देठांवर खाली झुकलेली असतात; खालचे फूल आधी उमलते आणि उमलण्याचा क्रम वर सरकत जातो. एक फूल जेमतेम एका दिवसाचे.

तरी या साध्या फुलोऱ्यात दोन गोष्टी अशा आहेत की त्या पाहिल्यावर चूक होत नाही. पहिली अगदी बारीक आहे. प्रत्येक कळीच्या देठाशी एक चिमुकले सहपत्र, म्हणजे फुलासोबत येणारे छोटे पान, असते आणि फुलोऱ्याच्या खालच्या भागातील सहपत्रांना तळाशी, खालच्या बाजूला, एक टोकदार शेपटी असते. ही सहपत्रे लवकर गळून पडतात, त्यामुळे ती पाहायची असतील तर दांडा कोवळा असतानाच भिंग घेऊन बसावे लागते. दुसरी खूण फूल सरल्यावर दिसते. सहाही परिदले सुटी सुटी गळत नाहीत. ती मिटून, सुकून, एकमेकांना चिकटतात आणि फुगणाऱ्या फळाच्या डोक्यावर टोपीसारखी काही काळ बसून राहतात. फळाला शास्त्रीय मराठीतही बोंडच म्हणतात, कपाशीच्या बोंडासारखेच ते वाळून तडकते. हे बोंड तीन धारांचे असते आणि त्यात काळ्या, चपट्या, पातळ पंखाच्या बिया चळत लावल्यासारख्या असतात.

रानात दिसणाऱ्या इतर कंदांपासून रानकांदा वेगळा कसा काढायचा, यासाठी फार शास्त्र लागत नाही. आपल्या कांद्याची फुले दांड्याच्या टोकाला एका ठिकाणाहून छत्रीच्या काड्यांसारखी निघतात आणि गोल गेंद बनतो. रानकांद्याची फुले दांड्यावर खालून वर पसरलेली असतात. नागदवणा आणि त्याच्या भाऊबंदांचीही फुले टोकाला गुच्छात येतात, मोठी, पांढरी आणि सुवासिक असतात, आणि त्यांचे किंजपुट परिदलांच्या खाली, देठाशी असते. रानकांद्यात ते परिदलांच्या वर, फुलाच्या पोटात दिसते. वर की खाली हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु शंभराहून अधिक वर्षे कुळांच्या सीमा याच प्रश्नावर आखल्या जात होत्या.

आता कागदपत्रांकडे. सातबाऱ्यावरचे नाव बदलले म्हणून जमीन बदलत नाही, आणि नाव का व कशाच्या आधारावर बदलले याची नोंद गाव नमुना सहामध्ये, फेरफाराच्या वहीत राहते. वनस्पतींच्या नावांचा कारभार असाच चालतो, हे लक्षात घेतले तर पुढचा गोंधळ बराच निवळतो. शास्त्रीय नावाला दोन भाग असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. जातीचे नाव सहसा टिकते. फेरफार होतो तो प्रजातीत, कारण एखादी जाती कोणत्या गटात ठेवायची हे नव्या पुराव्यानुसार बदलू शकते.

पहिली नोंद विल्यम रॉक्सबर्ग यांची. ते कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते आणि भारतीय वनस्पतींचा त्यांचा मोठा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये, पूर्ण स्वरूपात छापला गेला. त्यात या कांद्याचे नाव 'सिला इंडिका' आहे. सिला ही त्या काळी एक ऐसपैस प्रजाती होती. लिनियस यांनी १७५३ मध्ये भूमध्य समुद्राकाठचा मोठा औषधी कांदाही 'सिला मॅरिटिमा' या नावाने तिच्यातच ठेवला होता. पुढे १८३४ मध्ये श्टाइनहाइल यांनी चपट्या, पंखवाल्या बियांचे कांदे सिलातून बाहेर काढून 'उर्जिनिया' ही नवी प्रजाती केली. अल्जीरियातील बेन उर्जिन या टोळीवरून ते नाव आले. त्यानुसार १८४३ मध्ये कुंट यांनी आपला कांदा 'उर्जिनिया इंडिका' केला. आयुर्वेदाच्या आणि औषधनिर्माणाच्या अनेक पुस्तकांत आजही हेच नाव सापडते, याचे कारण ते सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालले.

दरम्यान एक गंमत झाली. रॉक्सबर्ग यांचा कांदा उर्जिनियात गेल्यामुळे 'सिला इंडिका' हे नाव मोकळे झाले असे समजून बेकर यांनी ते एका वेगळ्याच, ठिपकेदार पानांच्या छोट्या कंदाला लावले, ज्याला आज लेडेबुरिया प्रजातीत ठेवतात. एकदा वापरलेले नाव दुसऱ्या वनस्पतीला पुन्हा देता येत नाही, असा आजचा नियम आहे आणि त्याची गरज अशा प्रसंगांतून कळते. जुन्या कागदावर नुसते 'सिला इंडिका' लिहिलेले असेल, तर ते रॉक्सबर्ग यांचे की बेकर यांचे, हे पाहिल्याशिवाय कांदा कोणता ते सांगता येत नाही. शास्त्रीय नावामागे माणसाचे नाव लावण्याची पद्धत म्हणूनच आहे; ती मोठेपणा मिरवण्यासाठी नाही.

पुढचा फेरफार १९७७ चा. दक्षिण आफ्रिकेत अशा कांद्यांच्या पुष्कळ जाती आहेत, आणि तिथे १७९९ पासून 'ड्रिमिया' नावाची एक प्रजाती नोंदलेली होती. रसाच्या झोंबणाऱ्या गुणावरून ते ग्रीक नाव पडले. ड्रिमियात परिदले तळाशी जुळून नळी बनते आणि उर्जिनियात ती जवळजवळ सुटी राहतात, एवढ्या फरकावर दोन प्रजाती वेगळ्या ठेवल्या गेल्या होत्या. जेसप यांनी सगळ्या जाती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तेव्हा नळी कुठे संपते आणि सुटेपणा कुठे सुरू होतो, हे सांगणारी रेघ त्यांना ओढता येईना. मधल्या सगळ्या पायऱ्या कोणत्या ना कोणत्या जातीत भरलेल्या होत्या. त्यांनी दोन्ही प्रजाती एक केल्या. दोन प्रजाती एक होतात तेव्हा आधीच्या तारखेचे नाव टिकते, आणि १७९९ हे १८३४ च्या आधीचे असल्याने उर्जिनिया मागे पडून ड्रिमिया राहिली. आपला रानकांदा 'ड्रिमिया इंडिका' झाला. पूर्ण लिहायचे तर 'ड्रिमिया इंडिका (रॉक्सबर्ग) जेसप': कंसात मूळ नोंद करणारा, बाहेर फेरफार करणारा. पुढील वर्षी लिनियस यांचा भूमध्य समुद्राकाठचा कांदाही स्टर्न यांनी 'ड्रिमिया मॅरिटिमा' म्हणून याच वहीत आणला.

हा निकाल सर्वांना मान्य झाला, असे नाही. ऑस्ट्रियातील श्पेटा यांनी २००१ मध्ये भारतीय जातींसाठी 'इंडुर्जिया' अशी स्वतंत्र प्रजाती सुचवली. उलट मॅनिंग, गोल्डब्लाट आणि फे यांनी २००४ मध्ये डीएनएचा आधार घेऊन आणखी काही छोट्या प्रजातीही ड्रिमियातच सामावून घेतल्या. एकाच पुराव्यातून दोन पक्ष निघतात, कारण डीएनए नाते दाखवतो. त्या नात्याच्या झाडावर प्रजातीची कुऱ्हाड कोणत्या फांदीवर घालायची, हे माणूस ठरवतो. मला स्वतःला मोठ्या ड्रिमियाचा पक्ष सोयीचा वाटतो. शेपटीची सहपत्रे आणि टोपीसारखी सुकणारी परिदले या सगळ्यांत सापडतात, आणि रानात भिंग घेऊन फिरणाऱ्याला जी खूण डोळ्यांनी पाहता येते, तिच्यावर आखलेली सीमा शिकवायलाही बरी पडते.

कुळाची गोष्ट याहून थोडक्यात सांगता येईल. बेंथॅम आणि हूकर यांच्या एकोणिसाव्या शतकातील पद्धतीत रानकांदा, कांदा, लसूण, शतावरी, कळलावी हे सगळे लिलिएसी या एका मोठ्या कुळात होते. किंजपुट वर असणे हा त्यांचा समान धागा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे कुळ फोडले गेले आणि रानकांदा हायसिंथेसीत गेला. डीएनएच्या आधारे केलेल्या २००९ च्या वर्गीकरणात ते कुळही ॲस्परॅगेसी, म्हणजे शतावरीच्या कुळात मिसळले. कांदा-लसूण मात्र नागदवण्याच्या, ॲमॅरिलिडेसी कुळात गेले. किंजपुट वर असलेला कांदा किंजपुट खाली असलेल्या नागदवण्याच्या घरात गेला, आणि शंभर वर्षे सीमा ठरवणारा तो प्रश्न तिथे निकालात निघाला.

परिणाम ऐकायला विचित्र आहे, पण खरा आहे. रानकांदा हा कांद्याचा जवळचा नातलग नाही. सफेद मुसळी, लग्नाच्या हारातला निशिगंध आणि वावराच्या धुऱ्यावर काटेरी कुंपण म्हणून लावलेले घायपात हे त्याच्याच कुळातले, आणि शतावरीपेक्षाही त्याला जवळचे. वर्गात हे सांगितल्यावर घायपाताच्या नावाला दरवेळी हसू फुटते. त्यावर घायपाताचा पाने सोडून आकाशात गेलेला फुलोरा आठवायला सांगावा. वर्षानुवर्षे साठवायचे आणि एका दांड्यावर खर्च करायचे, ही रीत त्याचीही आहेच.

जातींच्या पातळीवर अजून काम संपलेले नाही. महाराष्ट्रात ड्रिमिया इंडिकाखेरीज ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी १९२८ मध्ये वर्णन केलेली पॉलिअँथा आणि पुणे जिल्ह्यातून अन्सारी यांनी १९८१ मध्ये नोंदवलेली राझी या जाती आहेत, त्या सह्याद्रीच्या बाजूच्या. खुद्द इंडिकातही सगळे कांदे सारखे नाहीत. या प्रजातीत गुणसूत्रांचा मूळ संच दहाचा आहे. इंडिकाच्या काही झाडांत वीस, काहींत तीस आणि काहींत चाळीस गुणसूत्रे मोजली गेली आहेत. बी तयार होताना गुणसूत्रांना दोन सारख्या वाट्यांत विभागावे लागते. तीन संचांचे दोन सारखे वाटे पडत नाहीत, म्हणून तीस गुणसूत्रांच्या झाडांना बी नीट धरत नाही. ती मुख्य कांद्याच्या बगलेत फुटणाऱ्या लहान कांद्यांवर वाढतात आणि एका जागी त्यांचे थवेच्या थवे होतात. एखाद्या उतारावरचे सगळे रानकांदे एकसारखे दिसत असतील आणि बोंडे पोकळ निघत असतील, तर हा संशय घ्यायला जागा आहे.

एक गोष्ट वर्गीकरणाच्या बाहेरची असली तरी सांगितलीच पाहिजे, कारण 'कांदा' या शब्दामुळे फसगत होऊ शकते. रानकांदा विषारी आहे. त्यात हृदयावर काम करणारी द्रव्ये आहेत, ज्यांचा रासायनिक गट भेकाच्या विषातही सापडतो. ही द्रव्ये हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियमची ने-आण अडवतात. अत्यल्प मात्रेत ठोके जोरकस होतात आणि थोडी मात्रा वाढली की तेच ठोके बिघडतात. औषध आणि विष यांमधले अंतर इतके कमी असल्याने घरगुती उपाय म्हणून तो पोटात घेऊ नये. भूमध्य समुद्राकाठच्या त्याच्या भावंडाचा लाल प्रकार तर उंदीर मारण्यासाठीच प्रसिद्ध होता. बहुतेक प्राणी तो खाल्ल्यावर ओकून टाकतात, उंदराला ओकता येत नाही.

कपाटातल्या त्या दांड्याची खालची पाच फुले उमलल्यावर मी तो कापला, भिंगाखाली सहपत्रांच्या शेपट्या विद्यार्थ्यांना दाखवल्या आणि हर्बेरियमच्या कागदावर वाकडा आला तसाच वाकडा दाबला. कांदा मात्र चिरला नाही. मे अखेरीस तो मुरूम मिसळलेल्या मातीच्या कुंडीत, मान वर ठेवून लावला. मिरगाच्या दुसऱ्या पावसानंतर त्याला सहा पाने आली. जुलैच्या मध्यात त्यांतले एक काढून त्याच कागदावर दांड्याशेजारी शिवले, आणि खालच्या पट्टीवर पहिल्या तारखेच्या शेजारी दुसरी तारीख लिहिली.